स्वभाव, काम आणि अप्रेझल: तुमचे प्रश्न

स्वभावामुळे नोकरीत कुठे अडतं असं मागच्या अंकात विचारलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही, म्हणून वेगवेगळ्या तऱ्हेची आठ निवडलीयेत. नावं कुणाचीच देत नाहीये. उत्तरांमध्ये काही शब्द परत परत येतील ते आधीच सांगून टाकते. स्वभाव मोजायला संशोधक सध्या सगळ्यात जास्त वापरतात ते 'बिग फाइव्ह'. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८००० शब्द काढले, मग पुढची कित्येक दशकं वेगवेगळ्या लोकांनी असे शब्द गाळत, गटांत बसवत आणले आणि शेवटी पाच मोठे गुण हाती लागले. काटेकोरपणा, म्हणजे शिस्त, जबाबदारी, घेतलेलं काम तडीला नेणं. बहिर्मुखता. मनमिळाऊपणा. नवं काही करून बघायची ओढ. आणि पाचवा मनाची अस्थिरता, म्हणजे पटकन काळजी लागणं, घालमेल, चिडचिड. प्रत्येक माणूस या पाचही पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतो, बहुतेक जण मधेच कुठेतरी, एकदम टोकाला फार थोडे. हे डोक्यात ठेवा, कारण 'मी अंतर्मुख', 'ती भांडकुदळ' असा शिक्का एकदा मारला की पुढचा विचारच थांबतो.

प्रश्न: ताई, मी अकाउंट्सला आहे. काम चोख असतं हे सगळे मानतात, पण दर अप्रेझलला तेच वाक्य, 'बोलत नाहीस, व्हिजिबिलिटी कमी आहे'. यंदा टीम लीडची जागा माझ्याहून ज्युनिअर पण बोलक्या माणसाला मिळाली. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याने लीड व्हायचा विचारच सोडून द्यायचा का?

उत्तर: नाही, अजिबात सोडू नका. आणि तुम्हाला जे लागलंय ते लागण्यासारखंच आहे, उगाच मन मोठं करून विसरून जा असं मी सांगणार नाही.

आता जे घडलं ते का घडतं ते बघू. नेतृत्व आणि स्वभाव यावर तोवर झालेले अभ्यास टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकत्र करून तपासले, त्यात पाचही गुणांमध्ये बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध सगळ्यात जास्त निघाला, ०.३१ (असे आकडे पुढेही येतील, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अगदी पक्का). हे वाचून तुम्ही अजून खचाल म्हणून लगेच पुढचं सांगते. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या होत्या, एक म्हणजे गटात नेता म्हणून कोण पुढे येतं, आणि दुसरी, पुढे आल्यावर नेता म्हणून कोण चांगलं काम करतं. बहिर्मुखतेचा संबंध पहिलीशी जास्त आहे, दुसरीशी कमी. म्हणजे बोलका माणूस निवडला जायची शक्यता जास्त असते पण खुर्चीवर बसल्यावर तो फायदा तेवढा राहत नाही. आणि काटेकोरपणाचा आकडा होता ०.२८, म्हणजे बहिर्मुखतेच्या अगदी जवळ. तो तुमच्याकडे आहे, तुमच्या साहेबांनीच तसं लिहून दिलंय, फक्त तो मीटिंगच्या टेबलावर दिसत नाही.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे 'व्हिजिबिलिटी' या शब्दावर गप्प बसून घरी येऊ नका, साहेबांना विचारा की मी नेमकं कुठे बोलायला हवं होतं, मागच्या तिमाहीतला एखादा प्रसंग सांगा. बऱ्याचदा त्यांच्याकडे एखाददुसराच प्रसंग असतो, आणि तेवढ्यावर काम करणं 'बोलका माणूस बन' यापेक्षा खूप सोपं असतं. दुसरं, मीटिंगचा विषय आदल्या दिवशी मागून घ्या आणि दोन मुद्दे लिहूनच जा, त्यातला एक सुरुवातीलाच मांडा, कारण अंतर्मुख माणूस बोलायची योग्य वेळ शोधत बसतो आणि तोवर चर्चा पुढे निघून जाते. तिसरं, मीटिंग झाली की तुमचे निष्कर्ष चार ओळींत सगळ्यांना मेल करा. लिहिणं हे पण बोलणंच आहे आणि ते रेकॉर्डवर राहतं.

यात तुम्हाला स्वभाव बदलायचा नाहीये. ब्रायन लिटल नावाच्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की जे काम आपल्याला मनापासून महत्त्वाचं वाटतं त्यासाठी माणूस काही वेळ आपल्या स्वभावाच्या उलट वागू शकतो आणि चांगलं वागू शकतो, फक्त त्याची दमणूक होते आणि नंतर पूर्ववत व्हायला जागा लागते. तर मोठ्या मीटिंगनंतर अर्धा तास एकट्याने करायचं काम ठेवा, लगेच दुसरा कॉल घेऊ नका.

आणि ही कॉलम जे साहेब लोक वाचतात त्यांना पण सांगायचंय, तुमच्या मीटिंगमध्ये जो पटकन बोलतो त्याचंच मोजलं जात असेल तर तुम्ही हुशारी मोजत नाही आहात, बोलायचा वेग मोजताय. विषय आधी पाठवा, सगळ्यांकडून लेखी मत घ्या आणि मग चर्चा करा, बघा कोण कोण काय काय सांगतं ते.

प्रश्न: आमचा छोटा बिझनेस आहे. चुकीची माणसं घेतली जातात म्हणून भरतीत पर्सनॅलिटी टेस्ट लावायचा विचार आहे, ती चार अक्षरांची प्रसिद्ध टेस्ट बरी पडेल का? की दुसरी कुठली घ्यावी?

उत्तर: चार अक्षरांची म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ मधल्या मांडणीवरून ती बनवली. भरतीसाठी वापरू नका, हे मी एवढ्या ठामपणे म्हणू शकते कारण ती टेस्ट चालवणारे स्वतःच सांगतात की निवड करायला ही वापरू नये. अडचण अशी आहे की प्रत्येक अक्षरासाठी ती माणसाला दोनपैकी एका खणात टाकते, जसं एक तर अंतर्मुख नाही तर बहिर्मुख, आणि बहुतेक माणसं मधे असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. ज्या कागदावर माणूस महिनाभरात दुसराच होतो त्यावरून कुणाची नोकरी ठरवणं मला चुकीचं वाटतं.

आता बिग फाइव्हवर आधारलेल्या टेस्ट घेतल्या तर? १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा घेतला, तोपर्यंत स्वभावाचा कामगिरीशी फार काही संबंध नाही असंच बरेच जण म्हणायचे. त्यांना दिसलं की काटेकोरपणा सगळ्या तऱ्हेच्या कामांमध्ये उपयोगी पडतो, मग ते प्रोफेशनल असोत, पोलीस असोत, मॅनेजर, सेल्स किंवा कारागिरी. बहिर्मुखता मात्र मॅनेजर आणि सेल्सच्या कामात, म्हणजे जिथे माणसांशी सतत संबंध येतो तिथे. त्या अभ्यासाने चित्र पालटलं हे खरं, पण काटेकोरपणाचा तो आकडा होता साधारण ०.२ च्या आसपास. याचा अर्थ काय, तर माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला ४-५ टक्केच काटेकोरपणावरून सांगता येतो. उरलेला कौशल्य, अनुभव, ट्रेनिंग, साहेब कसा आहे, साधनं आहेत का, पगार वेळेवर होतो का, या सगळ्यात असतो. शेकडो लोकांची भरती करणाऱ्या मोठ्या कंपनीला एवढाही फायदा उपयोगी पडतो, तुम्ही वर्षाला थोडीच माणसं घेणार, तुम्हाला एका माणसाबद्दल तो आकडा फार काही सांगणार नाही. शिवाय नोकरी हवी असलेला माणूस 'तुम्ही वेळ पाळता का' याला 'नाही' असं उत्तर कशाला देईल.

तुमच्यासाठी जास्त कामाचं काय ते पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या आढाव्यात आहे. भरतीच्या वेगवेगळ्या पद्धती पुढच्या कामगिरीचा किती अंदाज देतात ते त्यांनी नव्याने मोजलं. ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू सगळ्यात वर, ०.४२. कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४०, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ०.३३, आणि काटेकोरपणाची टेस्ट ०.१९. ठरवून घेतलेला म्हणजे काय तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवलेलं, आणि प्रत्येक उत्तराला लगेच मार्क, शेवटी 'एकंदर बरा वाटला' असं नाही. याला टेस्ट विकत घ्यायला लागत नाही, एक संध्याकाळ बसून प्रश्न लिहायला लागतात. वेळ पाळणारा माणूस हवाय ना, मग 'तुम्ही वक्तशीर आहात का' असं विचारू नका, 'मागच्या नोकरीत एखादं काम वेळेत होणार नाही असं लक्षात आलं तेव्हा तुम्ही कुणाला, कधी आणि काय सांगितलंत' असं विचारा. आणि तासाभराचं खरं काम करायला द्या.

एक अजून, ते विचारलं नाहीये पण सांगते. तुम्ही म्हणता चुकीची माणसं येतात. तीन माणसं एकाच जागेवरून सोडून गेली असतील तर माणसांआधी ती जागा तपासा. टेट आणि बर्नेट यांनी २००३ मध्ये हेच मांडलंय की एखादा गुण कामात दिसायचा तर त्या कामात त्याला वाव लागतो. ज्या जागेवर प्रत्येक निर्णय मालकालाच विचारायचा आहे तिथे तुम्ही कितीही हौशी, पुढाकार घेणारा माणूस बसवलात तरी सहा महिन्यांत तो विचारून विचारून काम करणारा होईल नाहीतर निघून जाईल.

प्रश्न: मी फार बोलकी नाही, घरचे म्हणतात सेल्समध्ये तुझा निभाव लागणार नाही. ऑफर हातात आहे. घेऊ का?

उत्तर: काम आवडत असेल तर घे. ॲडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये कॉल सेंटरमधल्या ३४० सेल्सच्या लोकांचा तीन महिने अभ्यास केला, सगळ्यात जास्त विक्री ना एकदम बोलक्यांनी केली ना एकदम गप्प लोकांनी, ती केली मधल्यांनी. अतिबोलका माणूस ग्राहकाचं ऐकून घेत नाही हे त्यामागचं एक कारण असावं असं ग्रँट यांनीच मांडलंय. तू स्वतःला गप्प समजतेस पण मला इतकं मुद्देसूद पत्र लिहिलंयस, बहुतेक तू त्या मधल्यांतलीच आहेस. फक्त जॉइन व्हायच्या आधी विचारून घे की पहिले काही महिने शिकायला मिळणार का लगेच टार्गेट लागणार.

प्रश्न: मला नाही म्हणता येत नाही. कुणाचंही काम अडलं की माझ्याकडेच येतात, मी करून देतो, मग माझं काम रात्री घरी. सगळे म्हणतात देवमाणूस आहे. पण पगारवाढ झाली ती त्याची, जो कुणाला मदत करत नाही आणि साहेबांशी हुज्जत घालतो. चांगुलपणा हाच दोष आहे का?

उत्तर: चांगुलपणा दोष नाही, आणि तो सोडू नका हे मी आधी सांगते, कारण ज्या टीममध्ये एकमेकांना मदत करणारी माणसं असतात तिथलं काम बरं चालतं आणि मनमिळाऊपणाचा खरा उपयोग तिथेच दिसतो. पण तुम्ही जे बघितलंत ते फक्त तुमच्या ऑफिसमध्ये घडत नाही. जज, लिव्हिंगस्टन आणि हर्स्ट यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मनमिळाऊ लोकांची कमाई कमी असते, आणि हा फरक पुरुषांमध्ये जास्त मोठा असतो. बायकांनी हट्टाने भांडून मागितलं तरी त्यांना पुरुषांइतका फायदा होत नाही, ते वेगळंच दुखणं आहे आणि त्यावर एकदा सविस्तर लिहायचंय.

यामागे काय असतं असं मला वाटतं ते सांगते. मनमिळाऊ माणूस दोन ठिकाणी गप्प राहतो. एक, काम अंगावर घेताना, आणि दोन, पगाराबद्दल बोलताना. पहिल्याने त्याचं स्वतःचं ठरलेलं काम मागे पडतं किंवा रात्री जाऊन ते कुणाला दिसत नाही, दुसऱ्याने वर बसलेल्याला वाटतं की हा आहे त्यात खूश आहे. वर बसलेला माणूस वाईट असतोच असं नाही, त्याच्यासमोर दोन जण आहेत, एक मागतोय आणि एक मागत नाहीये, त्याने सोपा रस्ता घेतला.

तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणणं जमणार नाही, ते मी सांगतच नाही. एवढंच म्हणा, 'देतो करून, पण आज माझा रिपोर्ट आहे, तो उद्यावर ढकलायचा असेल तर साहेबांना तू सांगतोस का?' खरंच निकड असेल तर समोरचा सांगेल. नसेल तर तो स्वतःच करेल. यात तुम्ही नकार दिलेला नाही, फक्त त्या मदतीचा भार कुणावर पडतोय ते दाखवलंत. दुसरं, महिनाभर कुणाला कुठल्या कामात किती वेळ मदत केली ते लिहून ठेवा. अप्रेझलला तो कागद घेऊन जा आणि म्हणा की हे पण माझ्या कामात धरायचं की नाही ते ठरवू, धरायचं असेल तर टार्गेट त्याप्रमाणे करा. पगाराचा आकडा पण लिहूनच न्या, कारण ऐनवेळी तुम्ही समोरच्याचं तोंड बघून तो कमी कराल. आणि रात्री घरी काम करायचं बंद करा, ते बंद झाल्याशिवाय माणसं कमी पडतायत हे कुणाच्या लक्षातच येणार नाही.

प्रश्न: मी परफेक्शनिस्ट आहे. टीमने केलेलं काम मी परत तपासते, बऱ्याचदा नव्याने करते, क्वालिटी माझ्यामुळे टिकून आहे. तरी ३६० डिग्री फीडबॅकमध्ये, म्हणजे साहेब, सहकारी, हाताखालचे असे सगळेच मार्क देतात त्यात, सगळ्यात कमी मार्क मला. इतक्या मेहनतीचं हेच फळ?

उत्तर: तुमची मेहनत खरी आहे आणि फीडबॅकही खरा आहे. काटेकोरपणा एकटाच असून भागत नाही असं विट, बर्क, बॅरिक आणि माउंट यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं. जिथे मिळून काम करायचं असतं तिथे काटेकोर पण मनमिळाऊ नसलेल्या माणसांना कमी रेटिंग मिळालं, काटेकोर आणि मनमिळाऊ असलेल्यांपेक्षा. कारण त्यांची शिस्त बाकीच्यांना अविश्वास वाटते. तुम्ही नव्याने केलेलं काम बघून समोरच्याला कळतं ते एवढंच की माझं केलेलं हिला चालत नाही, काय चुकलं ते कळतच नाही, मग पुढच्या वेळी तो अर्धवट करून सोडतो, तुम्ही तर करणारच आहात. म्हणजे क्वालिटी टिकतेय ती तुमच्या झोपेवर, टीम आहे तिथेच राहते.

२०११ मध्ये ले आणि सहकाऱ्यांनी असंही दाखवलं की काटेकोरपणाचा फायदा एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग थांबतो, साध्या कामात ती मर्यादा लवकर येते. तर कामं वेगळी करा. जिथे चूक झाली तर पैसा किंवा सुरक्षितता जाते तिथे तपासाच, कुणी काही म्हटलं तरी. बाकी ठिकाणी चूक दिसली तर दुरुस्त करू नका, खूण करून परत पाठवा आणि का ते एका ओळीत लिहा. पहिले काही आठवडे तुम्हाला फार त्रास होईल, तो सोसा.

प्रश्न: माझा मुलगा लहानपणापासून शिस्तीचा, जबाबदार. कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली. त्याच्यासोबतचे दुसरे मित्र हिंडतात फिरतात, हा मात्र खोलीतून बाहेर येत नाही, म्हणतो माझंच कुठेतरी चुकलं. मी आई म्हणून काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. एक गोष्ट आधी सांगते, तो कमजोर आहे म्हणून असं झालेलं नाही. बॉइस, वुड आणि ब्राउन यांनी २०१० मध्ये नोकरी गेलेल्या लोकांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की काटेकोर माणसांना बेकारी जास्त खोल जखम करते. तीन वर्षं नोकरी नसलेल्यांमध्ये फार काटेकोर माणसांचं समाधान बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त घसरलेलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर 'मेहनत केली की फळ मिळतं' यावर सगळं उभं केलंय, त्याला मेहनत करूनही नोकरी गेली की हिशेबच लागत नाही, मग तो दोष स्वतःवर घेतो.

त्याला 'काळजी करू नकोस' म्हणू नका, त्याचा उपयोग होत नाही. कंपनीने किती माणसं काढली, कुठला विभाग बंद केला, कशामुळे, हे त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा, म्हणजे त्याला डोळ्यांनी दिसेल की यात त्याच्या हातातलं किती होतं. आणि त्याच्या स्वभावाला दिवसाचं वेळापत्रक लागतं, ते त्याला परत मिळवून द्या. सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, दोन तास अर्ज, दोन तास काहीतरी शिकणं, मग घरातलं एखादं काम जे फक्त त्याचंच. 'आज किती अर्ज केले' ते विचारा, 'नोकरी लागली का' ते विचारू नका, पहिलं त्याच्या हातात आहे, दुसरं नाही. पण जेवण, झोप बिघडून काही आठवडे झाले असतील किंवा तो जगण्यात अर्थ नाही अशा भाषेत बोलत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न: पंचेचाळिशीत स्वभाव बदलतो का हो? खरं सांगा.

उत्तर: बदलतो, हळूहळू. माणसामाणसांच्या स्वभावातला जवळपास अर्धा फरक आनुवंशिक असतो असं जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं, तरीही रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या ९२ अभ्यासगटांचं जे एकत्र चित्र मांडलं त्यात वय वाढतं तसा लोकांचा काटेकोरपणा आणि मनाची स्थिरता वाढताना दिसते, आणि हे तिशीनंतर थांबत नाही. मुद्दाम ठरवून बदलतो का, तर नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना दर आठवड्याला छोटी छोटी कामं निवडायला दिली, १५ आठवडे. ज्यांनी ती कामं खरोखर केली त्यांच्यात थोडा बदल दिसला, नुसती इच्छा असून किंवा नुसती कामं निवडून काही झालं नाही. तर तुम्हाला जे बदलायचंय त्याचं एक अगदी छोटं काम निवडा, उदाहरणार्थ 'वेळेवर यायचं' असं मोठं नको, 'उद्याच्या मीटिंगची फाइल आज निघताना टेबलावर काढून ठेवायची' एवढंच. आठवडाभर करा मग दुसरं घ्या.

प्रश्न: साहेबांनी नुसतं 'जरा ये' म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. मेल पाठवल्यावर दहा वेळा परत वाचते. रात्री आठवत बसते की तो काय म्हणाला, का म्हणाला. काम चांगलं करते पण या नोकरीत मी कधीच खूश नसते, दुसरी केली तर फरक पडेल का?

उत्तर: थोडा पडेल, पण कुठली नोकरी त्यावर आहे. जज, हेलर आणि माउंट यांनी २००२ मध्ये नोकरीतलं समाधान आणि हे पाच गुण यांचा संबंध तपासला, सगळ्यात मोठा संबंध मनाच्या अस्थिरतेचाच निघाला, उलटा, ०.२९. म्हणजे जिला काळजी जास्त लागते तिचं समाधान कुठल्याही नोकरीत थोडं कमीच राहायची शक्यता असते. पण तो आकडा एक नाहीये, त्यामुळे उरलेलं पुष्कळसं कामाच्या ठिकाणावर आणि आपण काय करतो त्यावर असतं, आणि तिथे हात घालता येतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला परत परत दिसली. तुम्हाला कामाची भीती नाहीये, तुम्हाला अर्धवट सांगितलेल्याची भीती आहे. 'जरा ये'. 'बघू'. 'ठीक आहे'. स्थिर मनाचा माणूस अशा शब्दांतली मोकळी जागा तशीच सोडून देतो, काळजी करणारा ती सगळ्यात वाईट अर्थाने भरतो. म्हणून नोकरी बदलायच्या आधी ती मोकळी जागा कमी करून बघा. साहेबांना शांत वेळी सांगा की मला फीडबॅक थेट चालतो, वाईट असला तरी, पण कशाबद्दल बोलायचंय ते मेसेजमध्ये दोन शब्दांत लिहाल का म्हणजे मी तयारी करून येईन. यात मानसशास्त्राचं नाव काढायची गरज नाही आणि कुठलाही बरा साहेब याला हो म्हणेल. आठवड्यात एक ठरलेला वार मागून घ्या, पंधरा मिनिटं, ज्यात कामाबद्दल जे असेल ते सगळं बोललं जाईल, म्हणजे बाकीचे दिवस अंदाज बांधत बसायला नको. मेल महत्त्वाची असेल तर पाठवायच्या आधी दोनदा वाचा, पाठवल्यावर सेंट फोल्डर उघडायचा नाही. रात्री जे आठवतं ते उशाशी वहीत एका ओळीत लिहा आणि पुढे लिहा, हे उद्या कुणाला विचारून कळेल. ज्याचं उत्तर विचारून कळतं ते सकाळी विचारून टाका, बहुतेक ओळी सकाळी खोडल्या जातील.

दोन-तीन महिने हे करूनही साहेब मुद्दाम टांगून ठेवत असेल, चारचौघांत अपमान करत असेल, तर तो तुमच्या स्वभावाचा प्रश्न राहत नाही, तिथून निघायचं बघा. नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूला गेलात की तुम्ही पण विचारा, इथे कामाचा फीडबॅक कधी आणि कसा देतात, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याशी भेट घालून द्याल का.